लेथवरच्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र जाहीरपणे लिहिण्यामागे दोन कारणे आहेत. समोर बसून आभार मानू लागले की ‘ते राहू दे, चेनला तेल दिलं का?’ असे विचारून तुम्ही विषय मोडता, आणि पाकिटात घालून दिलेले पैसे काकूंच्या हातून दुसऱ्याच दिवशी परत येतात, हे पहिले. दुसरे कारण असे की, नागपुरात मोटारसायकल शर्यतीची हौस असणारी मुलेमुली पुष्कळ असली, तरी त्या हौसेला शिक्षणाच्या वाटेवर आणून सोडणारी माणसे फार थोडी आहेत. तुम्ही मला काय शिकवले आणि कोणत्या क्रमाने शिकवले, हे कुठेतरी तपशीलवार लिहिलेले असावे असे मला वाटते.

देशाच्या मध्यावर राहण्याचा आपल्याला अभिमान आहे आणि झिरो माइलचा दगड आपण पाहुण्यांना आवर्जून दाखवतो. शर्यतीच्या ट्रॅकचा विचार केला, तर मात्र हे मध्यवर्तीपण अगदीच निरुपयोगी ठरते. ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किट ही दोन्ही ठिकाणे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणजे रेल्वेने सुमारे १,१०० किलोमीटरवर आहेत, आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे तर त्याहूनही पुढे. टाकी रिकामी करून, गोणपाटात बांधून गाडी पार्सलने पाठवायची, आपण वेगळ्या डब्यातून जायचे, आणि एवढे सगळे करून ट्रॅकवर मिळतात ती काही मिनिटांची मोजकी सत्रे. म्हणून जे नागपुरात शिकता येते ते नागपुरातच शिकून घ्यायचे आणि ट्रॅकवर ते फक्त पडताळायचे, हा हिशेब तुम्ही पहिल्याच भेटीत मांडला होता. माझ्या पुढच्या सगळ्या शिक्षणाची दिशा त्या एका हिशेबाने ठरली.

गाडीला हात लावण्याआधी तुमची एक अट होती: रस्त्यावर वेग नाही. आउटर रिंग रोडवर रात्री मुले काय करतात, याविषयी तुमची मते तुमच्या वर्कशॉपमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी असल्याची तक्रार कुणी केली, तर ‘उत्तम केलं’ एवढे बोलून तुम्ही पुन्हा कामाला लागता. ही अट मला जाचक वाटली नाही, उलट घरच्यांचे मन वळवायला तिचाच उपयोग झाला.

तुमचे सर्वांत मोठे ऋण सस्पेन्शनचे, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा आणि शॉकअप यांचे, आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. तीनशे सीसी वर्गातील ही जुनी गाडी मी घेतली तेव्हा सगळ्यांचा सल्ला एकमुखी होता की, ट्रॅकवर जायचे तर शॉकअप कडक करून घ्यावेत. माझे वजन ५२ किलो आहे. लेदरचा सूट, हेल्मेट, बूट, हातमोजे आणि पाठीचे संरक्षक कवच धरून ते ६० किलोंच्या आसपास जाते. रस्त्यासाठी बनवलेल्या गाडीच्या स्प्रिंगा मात्र याहून बऱ्याच जड चालकाचा, आणि मागे बसणाऱ्याचाही, विचार करून निवडलेल्या असतात. तुम्ही कडक आणि मऊ हे दोन्ही शब्द बाजूला ठेवले आणि मोजपट्टी मागितली.

पुढचे चाक अधांतरी ठेवून फोर्कचे, म्हणजे ते चाक धरणाऱ्या शॉकअपच्या नळ्यांचे, एक माप घेतले. मग मी पूर्ण पोशाखात गाडीवर बसले, एका मुलाने मागून गाडी सरळ धरली, आणि तुम्ही पुढचा भाग खाली दाबून हळूच सोडल्यावर दुसरे, तर वर उचलून हळूच सोडल्यावर तिसरे माप घेतले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मापांत फरक आला. तो फरक म्हणजे ऑइल सील आणि बुश यांचे घर्षण असून, खरे माप त्या दोहोंच्या मध्यावर धरायचे असते, असे तुम्ही सांगितले. पहिल्या मापातून ही सरासरी वजा केली की चालकाच्या वजनाने गाडी किती बसते ते समजते. ट्रॅकसाठी पुढच्या बाजूला ३० ते ३५ मिलिमीटर हे सर्वसाधारण प्रमाण मानतात. माझ्या गाडीचे १९ भरले. याचा अर्थ, डांबराला किंचित खळगा आला की चाकाला त्याच्यामागे खाली उतरायला पुरेशी जागाच उरत नव्हती आणि टायरची पकड तिथे सुटत होती. अशा गाडीचे शॉकअप आणखी कडक करणे म्हणजे तापलेल्या माणसाला रजई पांघरण्यासारखे झाले असते.

प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला बसवतानाच दिलेला दाब, वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, हे वाक्य तुम्ही आजवर किती जणांना ऐकवले असेल! स्प्रिंग तीच राहते, तिची ताकदही तीच राहते. गाडी किती उंच उभी राहायची, एवढेच प्रीलोड ठरवतो. माझ्या फोर्कला बाहेरून फिरवण्याजोगे काहीच नव्हते. तेव्हा तुम्ही वरची टोपी उघडून आतला स्पेसर, म्हणजे स्प्रिंगला दाबून ठेवणारा नळीचा तुकडा, काढला, लेथवर त्याच्याहून १२ मिलिमीटर आखूड असा दुसरा बनवला, आणि तो बसवल्यावर गाडी पुढून जवळपास तेवढीच खाली आली. एवढ्यावर कुणीही थांबले असते. तुम्ही मला खाली उतरवून नुसती गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते तेही मोजले. चालकासह माप जुळत असूनही रिकामी गाडी फार बसत असेल, तर ती स्प्रिंग त्या चालकाला कडक असते, आणि रिकामी गाडी मुळीच बसत नसेल तर मऊ असते, हा नियम इतक्या सरळ शब्दांत मला कुठल्याही व्हिडिओत सापडला नव्हता. माझ्या बाबतीत ती कडकच निघाली, आणि मऊ स्प्रिंग मिळेपर्यंत आखूड स्पेसरवर भागवायचे ठरले.

फोर्कमधल्या तेलाची पातळीही तुम्ही मिलिमीटरमध्येच मोजली. तेल आणि टोपी यांच्यामध्ये कोंडलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच असते; तेल जितके वर भराल तितकी ती हवा दाबाच्या शेवटच्या टप्प्यात लवकर घट्ट होते, आणि जोराचा ब्रेक मारताना फोर्क तळाला आपटत नाही. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक केबल टाय बांधून तो कुठवर सरकला ते पाहायचे, हा उपाय दोन रुपयांचा आहे, पण त्याने दिलेली माहिती फार मोलाची असते. आयुष्यभर टर्नर म्हणून काम केलेल्या माणसाला अंदाजाचा किती तिटकारा असतो, ते मी तुमच्याकडे पाहिले.

मापांच्या जोडीने तुम्ही मला बोलायला शिकवले. ‘गाडी नीट वळत नाही’ हे वाक्य तुम्ही कधीच ऐकून घेतले नाही. वळणात शिरताना, मध्यावर, की बाहेर पडताना? ब्रेक धरलेला होता, थ्रॉटल उघडलेला होता, की दोन्ही सोडलेले होते? प्रत्येक फेरीला तसेच होते, की टायर तापल्यावर? या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिल्याशिवाय तुम्ही पान्ह्याला हात लावत नव्हता, आणि लावलात तरी एका वेळी एकच गोष्ट बदलत होता. चेन्नईहून रात्री फोन केला तेव्हा याचा खरा उपयोग समजला. वळणातून बाहेर पडताना, थ्रॉटल उघडल्यानंतर गाडी रुंद, म्हणजे ठरलेल्या रेषेच्या बाहेर, जाते, एवढे मी सांगू शकले आणि तुम्ही हजार किलोमीटरवरून उत्तर दिलेत: मागचा भाग बसतो आहे, त्यामुळे पुढच्या टायरवरचे वजन हलके होते आहे, मागचा प्रीलोड एक खाच वाढव आणि दुसरे काहीही करू नकोस. दुसऱ्या एका वळणाबद्दलचे उत्तर याहून वेगळे होते. ब्रेक धरला की फोर्क दबतो, स्टिअरिंगचा कोन उभा होतो आणि गाडी सहज वळते. तोच ब्रेक एकदम सोडला की फोर्क उसळतो आणि गाडी सरळ जाऊ पाहते. तिथे गाडीत काहीही बदलायचे नव्हते, बोटे सावकाश सोडायची होती. सेटिंगचे दुखणे कोणते आणि चालकाच्या हाताचे कोणते, हे आवाजावरून ओळखणारा मनुष्य फोनच्या पलीकडे असणे, हे हौशी स्पर्धकाच्या वाट्याला क्वचितच येते.

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका बंद गोदामाचे सिमेंटचे आवार तुम्ही मालकाची रीतसर परवानगी घेऊन सरावासाठी मिळवून दिले. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी आठनंतर हेल्मेट घालून उभे राहणेही नको होते, म्हणून उजाडता उजाडता तिथे पोहोचायचे, शंकू मांडायचे, आठच्या आकड्यात फिरायचे, ठरलेल्या रेषेवर थांबायचे. डावीकडे वळण्यासाठी डावे हँडल पुढे ढकलायचे, हे कानाला उलटे वाटणारे तत्त्व कमी वेगात आणि मोकळ्या जागेत अंगी भिनले. नजर पुढच्या शंकूच्याही पलीकडे ठेवण्याची सवय तिथलीच.

वळणात कलून गुडघा जमिनीला टेकवण्याचे वेड मलाही होते, जसे सगळ्यांनाच असते. त्यावर तुम्ही लोखंडी कपाटाच्या दारावर खडूने गणित करून दाखवलेत. ५० मीटर त्रिज्येच्या वळणातून ४५ अंश कलून जायचे असेल, तर वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर येतो, आणि त्या हिशेबात वजन कुठेच येत नाही. ५२ किलोंची मी असो की ९० किलोंचा दुसरा कुणी, उत्तर तेच. टायरला रुंदी असल्यामुळे प्रत्यक्षात गाडीला आणखी थोडे कलावे लागते, आणि चालकाने शरीर आतल्या बाजूला नेले की ते कलणे तेवढे वाचते. शरीर बाहेर काढण्यामागचे कारण हे आहे, फोटो नव्हे, असे तुम्ही म्हणालात. (फोटो मात्र चांगला आला आहे, काकूंना पाठवला आहे.)

टायरमधील हवेबद्दलही असेच झाले. ३० अंशांना भरलेली २८ पीएसआय हवा टायरच्या आत ७० अंशांपर्यंत तापली, तर ती साडेतेहतीसच्या घरात जाते. मात्र हे गणित करताना मीटरच्या आकड्यात वातावरणाचा १४.७ पीएसआय दाब मिळवावा लागतो आणि तापमान केल्विनमध्ये घ्यावे लागते, ते न केल्यास उत्तर भलतेच येते. त्यामुळे सकाळी थंड टायरमध्ये भरलेल्या आकड्यावर विसंबायचे नाही, ट्रॅकवरून आत येताच गरम टायरची हवा मोजायची आणि तोच आकडा वहीत लिहायचा, ही शिस्त तुम्ही लावलीत. चेन्नईच्या दुपारी सकाळची हवा तशीच ठेवून निघालेले स्पर्धक गाडी घसरते म्हणून सांगत होते, तेव्हा मला तुमचे कपाटाचे दार आठवत होते.

तांत्रिक तपासणीची तयारी तुमच्यामुळेच निर्धास्तपणे पार पडली. आरसे आणि इंडिकेटर काढणे सगळेच करतात. तुम्ही तेलाचा बोल्ट सैल होऊन तेल ट्रॅकवर सांडू नये म्हणून त्याला भोक पाडून तारेने बांधलेत, आणि रेडिएटरमधील कूलंट काढून साधे पाणी भरलेत, कारण कूलंटमधील ग्लायकॉल ट्रॅकवर सांडले तर मागून येणाऱ्यांसाठी तो निसरडा सापळा होतो. आपल्या पडण्याने दुसरा पडू नये, ही काळजी गाडीच्या बांधणीतच घ्यायची असते, हे मला त्या तारेच्या गाठीवरून कळले.

काकूंचे आभार वेगळे मानते. सरावाच्या दिवशी तर्री पोह्यांचा डबा आला नाही असे कधी झाले नाही, आणि लेदरचा सूट खांद्यात सैल होता तेव्हा जाड सुईने आतून टाके घालून तो अंगाबरोबर करून दिला तोही त्यांनीच. बायकांच्या मापाचे सूट आपल्याकडे सहज मिळत नाहीत, ही अडचण शर्यतीच्या गप्पांत कुणाच्या तोंडी येत नाही. काकूंनी ती न सांगता ओळखली. क्लचचा लिव्हर माझ्या बोटांच्या आवाक्यात आणून देताना तुम्हीही तेच केलेत.

आता एक विनंती. महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुली माझ्याकडे चौकशीला आल्या आहेत. एकीकडे १५० सीसीची गाडी आहे, दुसरीने अजून घेतलेली नाही, आणि दोघींनाही सध्या फक्त शिकायचे आहे. रस्त्यावर वेग न करण्याची तुमची अट मी त्यांना आधीच सांगितली असून दोघींनी ती मान्य केली आहे. तुमची संमती असेल तर येत्या रविवारी मी त्यांना गोदामाच्या आवारात घेऊन येईन. शंकू मी मांडीन, मापे मी घेईन, तुम्ही खुर्चीवर बसून फक्त प्रश्न विचारावेत. माझ्यासाठी मागवलेली मऊ स्प्रिंग तोवर हाती आली, तर ती त्यांच्यासमोरच बसवू, म्हणजे फोर्क उघडताना काय पाहायचे ते त्यांनाही दिसेल.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपली नम्र विद्यार्थिनी,
नागपूर