केबिनच्या भिंतीतली चार भोकं

परभणी, रविवार

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

बाई, तू फोनवर म्हणालीस, टॉकीज पाडतायत तर व्हिडिओ काढून पाठवा. गेलो होतो. मोबाइल खिशातून बाहेरसुद्धा काढला, पण हात वर होईना. म्हणून हे पत्र. लिहायची सवय मोडलीय, सांभाळून घे.

मंगळवारी जेसीबी लागला. आधी बाल्कनी खाली आली, मग पडद्याची भिंत. सिनेमा चालवायच्या केबिनची भिंत तेवढी दुपारपर्यंत उभी होती. तिच्यातली चार चौकोनी भोकं आठवतात तुला? दोन मशीनची, दोन आपल्याला बघायची. त्या भोकांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. मी समोरच्या रसवंतीच्या बाकड्यावर बसून राहिलो. रसवाल्यानं पैसे घेतले नाहीत. का, ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

१९७५ साली मी तिथं लागलो, अठराव्या वर्षी, ऑपरेटरच्या हाताखाली. 'जय संतोषी माँ' त्याच सालचा, आपल्याकडं जरा उशिरानं आला. बाया दाराशी चपला काढून आत जायच्या, आरती लागली की पडद्यावर नाणी फेकायच्या. रात्रीचा खेळ सुटल्यावर झाडणाऱ्या मावशीच्या सुपात शेंगांच्या टरफलांबरोबर पाच-दहा पैसे निघायचे. घरात एक वेळची चूल पेटायची मारामार, पण मावशीनं त्यातला एक पैसा नेला नाही. देवीचे म्हणून मारुतीपुढं ठेवून यायची.

सिनेमाच्या धंद्यातली एक गंमत तुला कधी सांगितली नसेल. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्र झाला. पण वितरकांना हे कुणी कळवलंच नसावं! त्यांच्या वहीत मराठवाडा आपला 'निजाम सर्किट' नावाच्या वाटपाच्या भागातच. रिळांची पेटी आम्हाला मुंबईहून नाही, सिकंदराबादहून यायची, मीटरगेजच्या गाडीनं. गाडी लेट, की खेळ लेट. पेटी आणायला मी सायकल घेऊन स्टेशनवर, अन् इकडं पब्लिक खुर्च्या बडवतंय. कापसाचे चुकारे झाले की गर्दी आवरायची नाही, अन् उरुसाच्या दिवसांत तर मॅनेजर स्वतः दारावर उभा राहायचा.

लोक मला म्हणतात, तुम्ही तर हजारो सिनेमे फुकट पाह्यले. बाई, मी एकही धड पाह्यला नाही. मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या, त्याचाच तो उजेड. कांडी जळून आखूड होईल तसं अंतर सांभाळावं लागायचं. जरा लक्ष चुकलं की पडदा अंधारायचा आणि खालून शिट्ट्या, आईवरून शिव्या. काळ्या काचेतून मी ती ज्योत बघत बसायचो. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटं चालतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका येतो, की दुसरं मशीन सुरू करायचं. पुन्हा ठिपका आला की बदलायचं. सगळं गाव हिरोइनीकडं बघायचं, मी कोपऱ्याकडं. कांडीवरचं तांबं वितळून खाली थेंब-थेंब साचायचं. ते जमवून मोडीत घालायचो. तुझं पहिलीचं दप्तर त्या पैशांतलं. आईला वाटतं ओव्हरटाइमचं.

मागं तू पुण्याला मल्टिप्लेक्समध्ये नेलंस. मी सारखा मान वळवून मागं बघत होतो, तू कोपर मारून म्हणालीस, अण्णा, सिनेमा पुढं आहे. मागच्या काचेपाशी कुणी दिसतंय का, ते बघत होतो मी. कुणी नव्हतं.

आमच्याकडंही शेवटी तेच झालं. २०१२-१३ च्या सुमारास रिळं यायची बंद झाली, डिजिटलचा डबा बसला. बटण दाबायला मालकाचा भाचा पुरेसा होता. मार्च २०२० ला कुलूप लागलं; २०२१ च्या ऑक्टोबरात सरकारनं निम्म्या खुर्च्यांवर परवानगी दिली, तरी आपलं दार उघडलं नाही. मालकाला मी नावं ठेवत नाही. सातशे खुर्च्या आणि खेळाला पंधरा माणसं, त्यात लाइटबिल निघत नाही. आता खाली दुकानं अन् वर मंगल कार्यालय होणार म्हणे. होऊ दे.

एक गोष्ट आईला सांगू नकोस. भंगारवाल्यानं सामान बाहेर काढलं त्यात आपला रिवाइंडर होता, रीळ उलटं गुंडाळायचा. तू रिकाम्या पेटीवर बसून ज्याचं हँडल फिरवायचीस, तोच. लाकडी मुठीवर तू खिळ्यानं कोरलेला 'म' अजून आहे. तेव्हा मी तुला रपाटा घातला होता. भंगारवाला किलोनं द्यायला तयार होता, पण माझा चेहरा बघून भाव वाढवला लेकाच्यानं. सहाशे रुपये दिले. सध्या माळवदावर पोत्याखाली ठेवलाय. हँडल जाम झालंय, रोज थोडं रॉकेल सोडतोय. काल अर्धा फेरा फिरलं.

दिवाळीला येशील तेव्हा शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन ये. इथं मिळतं, पण मी आणायला गेलो तर आई विचारेल कशाला.

तुझा,
अण्णा