सुजे, आधी बारावी, मग बाकी सगळं

कळवा,
रविवार दुपार

प्रिय सुजे,

बारावी झालेली नसताना आता शिकायचं आणि पुढे लॉ करायचं, असं म्हणालीस तो तुझा व्हॉइस मेसेज परत परत ऐकला. फोनवर हे बोलून होणार नाही, तू मध्येच दुसऱ्या विषयावर जातेस आणि मीही तुझ्यामागून जाते, म्हणून लिहूनच काढते. लांबलचक होणारे, ऐरोली ते बेलापूर ट्रेनमध्ये वाच, बसायला मिळालं तर.

तू म्हणालीस, आता या वयात कॉलेजवाले दारात तरी उभं करतील का. अगं, वयाचं कोणी काही म्हणतच नाही. फॉर्मवर जन्मतारीख असते ती नुसती भरायची. आपल्याला अडवतात ते दुसऱ्याच गोष्टींनी, आणि ते मला कळलं कारण गेल्या वर्षी आमच्या ऋतूचं एफवायचं, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाचं, आणि माझं, दोन्ही अ‍ॅडमिशन एकाच घरात, एकाच डायनिंग टेबलवर चालू होती.

ऋतूचं बघ. बारावीचा निकाल लागला, लगेच युनिव्हर्सिटीच्या साइटवर रजिस्ट्रेशन, मग ज्ञानसाधना, जोशी-बेडेकर असे जिथे जिथे हवे तिथले वेगळे फॉर्म, मग पहिली मेरिट लिस्ट, दुसरी, तिसरी. त्यात इनहाउसवाली पोरं आधी, म्हणजे ज्यांनी अकरावी-बारावी त्याच कॉलेजातून केली ती. लिस्ट लागली की फी भरायला जेमतेम दोन-तीन दिवस, तेवढ्यात नाही भरली तर सीट गेली. पोरीच्या पोटात गोळा आणि महेशचं बीपी, दोन्ही एकाच वेळी. पण एक सांगू, तिची फाइल म्हणजे चकाचक. मार्कशीट, एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आधार, सगळीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग, सगळं ताजं. तिच्याकडून फक्त मार्क मागत होते आणि ते कालपरवाच मिळालेले.

तिच्यासोबत एका कॉलेजच्या खिडकीवर गेले होते तेव्हा मी हळूच विचारलं की मला स्वतःला घ्यायचं असेल तर? तो मुलगा वरही न बघता म्हणाला, मॅडम पालकांची रांग पलीकडे. शेजारी एक जुने क्लार्क होते त्यांनी नीट सांगितलं, की बारावी पास असाल तर नियमाने कोणी नाही म्हणू शकत नाही, गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट, म्हणजे मधल्या वर्षांत शिक्षण का थांबलं त्याचं प्रतिज्ञापत्र द्या, पण लिस्टमध्ये नाव लागायला हवं. आता माझे २००१ चे ५८ टक्के. तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले होते त्याचे. ऋतूच्या लिस्टमध्ये ते शोधायलासुद्धा कुणी तेवढं खाली गेलं नसतं. म्हणजे रेग्युलर कॉलेजला होतं काय, की मधली वीसेक वर्षं तू काय केलंस, नोकरी केलीस, वकिलांच्या ऑफिसात अर्ज टाइप करून करून सीपीसीची, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेची, कलमं पाठ झाली, त्याला शून्य किंमत, आणि अठराव्या वर्षी तीन तासांत जे लिहिलं तेच आजच्या पोरांच्या मार्कांशेजारी मांडणार. आणि ७५ टक्के हजेरी वेगळीच, ती तू आणि मी कुठून आणणार.

माझ्या जाऊबाईंची भाची डब्लिनला असते, ती सांगत होती की आयर्लंडमध्ये १ जानेवारीला २३ पूर्ण असतील तर मॅच्युअर स्टुडंट म्हणून वेगळा अर्ज करता येतो, शाळेच्या पॉइंट्सवरच सगळं ठरत नाही, आतापर्यंत काय केलं ते लिहून द्यायचं, काही कॉलेजं इंटरव्ह्यू घेतात. इंग्लंडात तर २१ च्या पुढचा साधारण मॅच्युअरच धरतात. ऐकून जळले मी खरंच. आपल्याकडे असा कॉलमच नाही फॉर्मवर. आपल्याकडे मोठ्या माणसाला वेगळं दार म्हणजे डिस्टन्स, घरी बसून शिकायचं दूरशिक्षण, तिथे मेरिट लिस्ट नाही, बारावी पास एवढं बास.

मी तेच केलं, मुंबई युनिव्हर्सिटीच्या दूरशिक्षण केंद्रातून, ज्याला आपण आयडॉल म्हणायचो ते आता सीडीओई झालंय. तिथे मार्क कोणी विचारले नाहीत पण मी कोण आहे हे मात्र पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागलं. बारावीच्या मार्कशीटवर कदम वैशाली सदाशिव, आधारवर वैशाली महेश साळवी. आता यूजीसीने डिस्टन्सवाल्यांना डीईबी आयडी, म्हणजे दूरशिक्षणाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, लावलाय, तो काढायला आधी एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट्सच्या खात्याचा नंबर, तो आधारवरून, म्हणजे सगळं साळवीच्या नावाने तयार होतं आणि मार्कशीट कदमची. तेव्हा कुठे आठवलं की लग्नाचं सर्टिफिकेट आपण काढलंच नव्हतं, कार्यालयाची पावती आणि अल्बम एवढाच पुरावा. ते काढलं, मग पुढे सरकलं. ऋतू बघत होती, म्हणाली आई मी लग्नानंतर नाव बदलणार नाही. म्हटलं नको बदलूस बाई, एवढं शिकलीस तरी माझी फी वसूल झाली.

आणि गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट, डिस्टन्सला असो नसो, मी आपलं करून ठेवलं. कोर्टनाक्याला टाइप करणाऱ्याकडे तयार मजकूर असतो, या कालावधीत मी अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतला नाही वगैरे. कारण विचारलं त्याने. मी म्हटलं लिहा, दोन बाळंतपणं, सासूबाईंची बायपास, मग वागळे इस्टेटला अकाउंट्सची नोकरी. तो म्हणाला ताई एवढं बसत नाही, घरगुती कारणास्तव टाकतो. टाक म्हटलं.

आता तुझ्या मुद्द्यावर येते, कारण तुझं माझ्यापेक्षा वेगळं आहे. तू अकरावीनंतर सोडलंस, बारावी नाहीच. आणि तुला ते कोणीतरी सांगितलंय ना, की बारावी कशाला, पूर्वतयारीचा कोर्स कर आणि थेट बीएला बस, ते खोटं नाहीये. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं बीपीपी म्हणून असतं, १८ पूर्ण असले की झालं, सहा महिन्यांत होतं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातूनही पूर्वतयारी करून कितीतरी लोक पदवीधर झालेत, त्याला मी नावं ठेवणार नाही, ज्याला प्रमोशनपुरती किंवा मनासाठी पदवी हवी त्याला ते वरदानच आहे. पण तुला काय हवंय? तुला लॉ करायचंय. आणि बार कौन्सिल, म्हणजे वकिलीचे नियम ठरवणारी संस्था, तिचे २००८ चे नियम आहेत त्यात चक्क लिहिलंय की दहावी-बारावीची पायरी गाळून थेट मुक्त विद्यापीठातून जी पदवी घेतली ती एलएलबीला चालत नाही. म्हणजे तीन वर्षं घासशील, पदवी घेशील, आणि लॉच्या काउंटरवर कळेल की हा जिना दुसऱ्याच मजल्यावर जातो. तुझ्या वकील सरांना विचार, त्यांना माहीत असेल.

बारावी करून मग डिस्टन्सने पदवी घेतलीस तर मात्र लॉला काही अडचण नाही. तेव्हा १७ नंबरचा फॉर्म भर. अगं तोच, खाजगीरीत्या बसायचा. ऑनलाइन भरतात, जवळचं एखादं ज्युनियर कॉलेज संपर्क केंद्र म्हणून निवडायचं, दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा ओरिजिनल दाखला, आधार, फोटो. दाखला हरवला असेल तर शाळेतून दुसरी प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. मुदत पावसाळ्यातच असते, दिवाळीनंतर जागी होऊ नकोस. फेब्रुवारी-मार्चला पोरांसोबत तोच पेपर. वाशीला बोर्डाचं विभागीय ऑफिस आहे, तुझ्या रोजच्या रस्त्यापासून जवळच. दुसरा मार्ग एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, त्यांची बारावीही बोर्डाचीच धरतात, पण तुला मराठी माध्यमाची सवय आणि गाइडं इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, म्हणून मी १७ नंबरच म्हणेन.

एक मात्र लक्षात ठेव, नुसतं पास होऊन भागणार नाही. बारावीला ३५ वर पास झालीस तरी डिस्टन्सला चालेल, पण पदवीला लॉसाठी ओपनमध्ये ४५ टक्के लागतात, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४०. माझ्या एका ऑफिसवालीचे ४४ आले आणि ती अजून हळहळते.

वयाचं म्हणशील तर २०१६ ला बार कौन्सिलने तीन वर्षांच्या लॉला ३० ची मर्यादा परत आणली होती, २०१७ ला सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली, आणि आपल्या सीईटीला, म्हणजे लॉच्या प्रवेश परीक्षेला, तर पन्नाशीतली माणसंही बसतात. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही आणि तिथे तू आणि बावीस वर्षांचा मुलगा एकाच पेपरला, मला तर वाटतं लीगल अ‍ॅप्टिट्यूडला तूच पुढे असशील, पोरांना वकालतनामा कसा दिसतो ते तरी कुठे माहीत असतं. फक्त लॉ डिस्टन्सने होत नाही, कोणी होतं म्हणालं तर तो तुला फसवतोय. वर्गात बसावं लागतं, ७० टक्के हजेरी. आमच्या ठाण्यात टीएमसी लॉ कॉलेज आहे, ते तुला ऐरोलीहून सोपं पडेल, पण हे चार-पाच वर्षांनंतरचं दुखणं, तोवर भाऊजींची शिफ्ट आणि सोहमची दहावी, सगळंच बदललेलं असेल.

भाऊजी काय म्हणतात ते तू सांगितलंच नाहीस. आमच्याकडे महेश आधी म्हणाला आता काय उपयोग, मग परीक्षेच्या आठवड्यात स्वतःहून डबे करायला लागला, बटाट्याची भाजी रोज, पण केली. तू विचारत बसू नकोस, फॉर्म भर आणि मग सांग.

तू शाळेत दाखल्यासाठी जाणार असशील तर गुरुवारी जा, मला त्या दिवशी सुट्टी आहे, मीही येते. आणि तुझ्या दहावीच्या मार्कशीटचा फोटो आधी पाठव, आईच्या नावाचं स्पेलिंग बघायचंय, तिथे घोळ असेल तर आत्ताच निस्तरू.

तुझी,
वैशू

ता. क. अकाउंट्स मी शिकवेन. इंग्रजीचं तू ऋतूला धर, माझ्या भरवशावर राहू नकोस.