जुना सोफा नेऊन टाकायचा कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या आवराआवरीत आमचा वीस वर्षांचा सोफा, सासूबाईंची कापसाची गादी आणि मागे फुगीर पेटी असलेला जुना टीव्ही असं सगळं एकदाच बाहेर काढलं. घंटागाडीत रोजचा ओला-सुका कचराच कसाबसा मावतो, त्यात सोफा कुठे ठेवणार? भंगारवाला म्हणाला, "ताई, लोखंड द्या, पत्रा द्या. ह्यो सोफा नेऊन मी काय करू?" शेवटी एका हातगाडीवाल्याला दोनशे रुपये दिले. कुठे टाकणार, हे मी विचारलं नाही.

चार दिवसांनी भाजीला निघाले तर कॉलनीमागच्या नाल्यात आमचाच सोफा! हाताजवळ उसवलं होतं तिथे मी सोलापुरी चादरीचा लाल तुकडा लावला होता, त्यावरून लगेच ओळखू आला. आतलं लोखंड काढायला कुणीतरी तो पेटवला होता. स्पंज वितळून डांबरासारखा चिकटला होता. असा स्पंज जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात आणि नाल्याला लागून तर घरं आहेत, तिथे पोरं खेळतात. मला फार वाईट वाटलं. पैसे मीच दिले होते ना!

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही कचरा रस्त्यावर, मोकळ्या जागेत किंवा नाल्यात टाकायला आणि उघड्यावर जाळायला मनाई होती. पण नाही टाकायचं तर न्यायचं कुठे, हे घरातल्या बाईला सहज कळायला हवं.

गादीचा प्रश्न सुटला. गादी कारखान्यात नेली तर त्यांनी कापूस पिंजून दोन लहान गाद्या भरून दिल्या. कापसाची गादी कुणीही फेकू नये, ही कळकळीची विनंती. टीव्ही मात्र मी भंगारात दिला नाही. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन हा ई-कचरा, तो अधिकृत संकलन केंद्रातच जायला हवा. फ्रिज फार जुना असेल तर जास्तच जपावं. अशा अनेक फ्रिजमध्ये ओझोनच्या थराला घातक वायू असतो आणि कॉम्प्रेसरची नळी कापली की तो हवेत जातो.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक प्रभागात महिन्यातला एक रविवार अवजड सामानासाठी ठरवावा. आधी नाव नोंदवायचं, सामानाप्रमाणे ठरलेले पैसे भरायचे, टेम्पो दारात यावा. हातगाडीला दोनशे रुपये देतोच आहोत, ते इथे देऊ. सामान उचलायला, सोडवायला याच हातगाडीवाल्यांना आणि भंगारवाल्यांना घ्यावं. खिळा कुठला, लाकूड कुठलं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? धड असलेली कपाटं-खाटा गरजूंसाठी बाजूला काढता येतील. दिवाळीआधीचे आणि उन्हाळ्यात घरं बदलतात तेव्हाचे रविवार तर चुकवूच नयेत.

नाल्यातला तो उरलेला सोफा मी माणूस लावून वर काढून घेतला. आता तो अंगणात ताडपत्रीखाली आहे आणि शेजारी टीव्ही. कुठे पोचवायचे ते कुणी कळवलं, तर स्वखर्चाने नेऊन देईन.

आपली,
एक गृहिणी, जुळे सोलापूर