मशीन आलं, शब्द कधी येणार? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

मी मराठी शिकवते. वैद्यकातलं मला जे थोडंफार कळतं ते धाकट्या भावाच्या आजारपणात, ओपीडीच्या बाकांवर बसून कळलेलं आहे. तरी हे पत्र आपल्यालाच लिहिते आहे, कारण ज्या प्रश्नाशी आमची गाठ पडली तो अर्धा वैद्यकाचा होता आणि अर्धा भाषेचा. त्यातल्या दुसऱ्या अर्ध्याला आरोग्य व्यवस्थेत कुणी वाली दिसत नाही.

भावाला सातव्या वर्षापासून फिट येतात. एक औषध झालं, दुसरं झालं, दोन्हींचे डोस वाढवून झाले. योग्य निवडलेली दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर तो अपस्मार औषधाला दाद न देणारा समजतात. साधारण दर तीन रुग्णांमागे एकाची ही गत असते. भावाच्या फिटचा उगम डाव्या टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे डाव्या कानशिलामागच्या भागात आहे. अशांना तो भाग काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेचा खरोखर उपयोग होतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका चाचणीत टेम्पोरल लोबच्या 80 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकावं तसे दोन गट केले होते. वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटातले 58 टक्के लोक भान हरपणाऱ्या फिटपासून मोकळे होते, नुसत्या औषधांच्या गटातले 8 टक्के.

घोडं अडतं ते पुढे. भाषेचं बिऱ्हाडही बहुधा डावीकडेच असतं. या ‘बहुधा’वर सगळं अवलंबून आहे. निरोगी माणसांच्या एका जर्मन अभ्यासात पक्क्या उजखुऱ्यांपैकी 4 टक्क्यांची आणि पक्क्या डावखुऱ्यांपैकी 27 टक्क्यांची भाषा उजव्या बाजूला आढळली. लहानपणीच डाव्या मेंदूला इजा झाली असेल, तर भाषा पूर्ण किंवा अर्धवट उजवीकडे सरकण्याची शक्यता आणखी वाढते. त्यामुळे कापण्याआधी शोधावं लागतं.

जुनी पद्धत म्हणजे वाडा टेस्ट. (नाव ऐकून आईने विचारलं होतं, कुणाचा वाडा?) जुन वाडा या जपानी डॉक्टरांनी 1949 साली तिच्याविषयी पहिल्यांदा लिहिलं. मानेतल्या धमनीतून गुंगीचं औषध सोडून मेंदूची एक बाजू काही मिनिटं निजवायची आणि तेवढ्यात रुग्णाला बोलायला लावायचं. टेस्ट कामाची आहे, पण धमनीत नळी घालायची म्हणजे थोडा का होईना धोका आला. फंक्शनल एमआरआयमध्ये टोचाटोची नाही. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्त जास्त धावतं, त्याने चुंबकीय संकेतात पडणारा बारीक फरक मशीन टिपतं. पाया घातला सेइजी ओगावा यांनी, 1990 मध्ये. 2017 साली अमेरिकेतल्या न्यूरोलॉजिस्टांच्या अकादमीने टेम्पोरल लोबच्या बऱ्याच रुग्णांमध्ये भाषेची बाजू ठरवायला वाडा टेस्टऐवजी या स्कॅनचा विचार करता येईल, असं सांगितलं.

आता मुद्द्याचं. या स्कॅनमध्ये रुग्ण नुसता पडून राहिला तर अशा टेस्टमधून काही हाती लागत नाही. त्याला अर्धा मिनिट भाषेचं काम द्यायचं, अर्धा मिनिट विसावा, पुन्हा काम. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे तो रंगीत नकाशा. म्हणजे नकाशात काय उजळणार हे मशीनइतकंच विचारलेल्या प्रश्नावर ठरतं.

माझ्या भावाला इंग्रजीत विचारलं गेलं. पडद्यावर शब्द येत होते आणि त्याने प्रत्येकाशी जुळणारं क्रियापद मनातल्या मनात म्हणायचं होतं. इंग्रजी त्याने परीक्षेपुरतं शिकलेलं. बाहेर आल्यावर म्हणाला, “अर्धे शब्द कळलेच नाहीत, गप्प पडून राहिलो.” रिपोर्ट आला: भाषेची बाजू निश्चित सांगता येत नाही. हे वाक्य वाचणाऱ्याला वाटेल, भाषा दोन्हीकडे विखुरलेली असेल. खरं तर त्या अर्ध्या तासात भाषेचं काम पुरेसं झालंच नव्हतं.

तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरच्या हे लक्षात आलं. तो मला म्हणाला, “ताई, तुम्ही मराठी शिकवता ना? आपण यादी करू.” मला वाटलं, तासाभरात भाषांतर करून टाकू. दोन संध्याकाळी गेल्या, आणि कळलं की याचं भाषांतर होतच नाही.

क्रियापदाचंच बघा. ‘फोन’ म्हटलं की मराठी माणूस म्हणणार ‘करणे’. ‘अभ्यास’? करणे. ‘काम’? करणे. ‘प्रवास’? तेच. एक ‘करणे’ घोकत रुग्ण अख्खी टेस्ट पार करेल आणि शब्द शोधणाऱ्या भागांना फारसे कष्टच पडणार नाहीत. म्हणून ‘सुई’, ‘कात्री’, ‘दोरी’, ‘घंटा’ असे शब्द वेचावे लागले, ज्यांच्याशी नेमकं क्रियापद जोडावं लागतं. यमकाची टेस्ट तर आणखी फसवी. इंग्रजीत ‘काइट’ आणि ‘हाइट’ यांची स्पेलिंगं वेगळी, त्यामुळे यमक जुळतं का हे ठरवायला शब्द मनात उच्चारावाच लागतो. देवनागरीत ‘माळ’ आणि ‘बाळ’ यांचं शेपूट डोळ्यांनाच सारखं दिसतं. कान न वापरता उत्तर देता येतं! मग आपण भाषा मोजतो आहोत की नजर? ते यमक आम्ही शेवटी काढून टाकलं.

हे मी मराठीपुरतं सांगितलं. प्रत्येक भाषेच्या खोडी वेगळ्या असणार, त्या भाषेत वाढलेल्या माणसालाच त्या दिसणार. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकवायच्या गोष्टी लागतील. दोन भाषा बोलणाऱ्यांची अडचण निराळीच. मेंदूला सौम्य वीज लावून केलेल्या तपासणीत 1978 सालीच दिसलं होतं की एकाच माणसाच्या दोन भाषा काही ठिकाणी वेगवेगळ्या बिंदूंवर अडतात. एका भाषेत तपासून दुसरीला हात लावणं धोक्याचं आहे. आणि हा नकाशा अमुक भाग कामाला लागला एवढंच सांगतो, तो भाग काढला तर बोलणं अडेल का हे सांगत नाही. त्यासाठी कधीकधी रुग्णाला जागं ठेवून, शस्त्रक्रिया चालू असतानाच बोलतं करावं लागतं. तिथेही प्रश्न त्याच्याच भाषेत हवेत.

आपण मशीनसाठी निधी मंजूर करता, उद्घाटनं होतात, फोटो येतात. शब्दांच्या यादीचं उद्घाटन होत नाही, मला कल्पना आहे. तरी मागणं आहे. अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात त्या प्रत्येक केंद्रात न्यूरोसायकॉलॉजिस्ट (मेंदूच्या आजारात स्मृती, भाषा तपासणारे मानसतज्ज्ञ) आणि भाषा व वाचातज्ज्ञ यांची मंजूर पदं असावीत. कंत्राटी, सहा महिन्यांची नकोत. लोक जी भाषा बोलतात तिच्यातल्या टेस्ट भाषातज्ज्ञांना सोबत घेऊन तयार कराव्यात, आधी निरोगी माणसांवर तपासाव्यात आणि सगळ्या केंद्रांना मोफत द्याव्यात. रिपोर्टवर टेस्ट कोणत्या भाषेत घेतली हे लिहिणं सक्तीचं करावं. या शेवटच्या गोष्टीला तर एक परिपत्रक पुरे. भावाच्या पहिल्या रिपोर्टवर ती ओळ असती, तर निदान पुढच्या डॉक्टरला शंका आली असती.

दुसरा स्कॅन स्पष्ट आला. भाषा डावीकडेच. आमच्यासाठी ती वाईट बातमी होती, कारण डाव्या टेम्पोरल शस्त्रक्रियेनंतर साधारण तिघांत एकाची वस्तूंची नावं पटकन आठवण्याची क्षमता घटते. पण निर्णय भावाने स्वतः घेतला, काय गमावू शकतो हे कळून. आता फिट नाहीत. नावं मात्र अडतात. परवा कुलूप हातात धरून “हे आपलं... दाराचं” म्हणत उभा होता.

हे अडणं किती आहे ते मोजायला त्याला 60 चित्रं दाखवतात. बॉस्टनमध्ये बनलेली टेस्ट आहे. त्यात इग्लू आहे, बीव्हर नावाचा प्राणी आहे. बीव्हर त्याला शस्त्रक्रियेआधीही येत नव्हता. दोन्ही वेळा गुण कापले गेले.

उत्तराची वाट पाहते आहे. यादी हवी असेल तर पाठवते.

आपली नम्र,
एका रुग्णाची थोरली बहीण