यंत्र आले, नोंद घेणारा कुठे आहे?

महोदय,

शहरातील बागेत नाण्यांसाठी खड्डे खणले जात असल्याची बातमी आपण छापली आणि तिच्यावर दोन वाचकांची पत्रेही आली. एकाचे म्हणणे, मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या पोरांवर सरळ गुन्हे दाखल करा. दुसऱ्याचा सवाल, इंग्लंडात लोक राजरोस हा छंद करतात, मग आपल्याकडेच एवढा गहजब कशाला? मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कन्या इंग्लंडात असल्याने तिकडेही काही काळ राहून आलो. दोन्हीकडचे थोडे पाहिले आहे, म्हणून हा खटाटोप.

आधी बागेतले सांगतो. संध्याकाळच्या फेरीत त्या दोन पोरांशी मी स्वतः बोललो. यंत्र ऑनलाइन मागवलेले, कानात हेडफोन, मोबाइल स्टँडवर. यंत्राची चकती हिरवळीवरून फिरवायची, सूर बदलला की स्क्रू-ड्रायव्हरने जागा टोकरायची. निघाले काय? बाटल्यांची बुचे, खिळे, ॲल्युमिनियमची वीस पैशांची दोन नाणी आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी. माळ्याची तक्रार वेगळीच होती. पाण्याची नळी दोन ठिकाणी फुटली होती आणि बोलणी त्यालाच खावी लागली होती. एका पोराने मात्र खिशातून शिवराई काढली. चिंच आणि राख लावून तिला इतके घासले होते की 'श्री राजा' एवढेच वाचता येत होते, खालचा 'शिव' साफ गेला होता. कुठे मिळाली विचारले, तर म्हणाला, "तिकडं, टाकीच्या बाजूला." हात असा फिरवला की त्यात अर्धी बाग आली.

आता या बागेत शिवराई आली कशी, हे ज्यांनी बाग होताना पाहिली त्यांना ठाऊक आहे. मुळात इथे खडकाळ माळ होता. भरावाची माती जवळच्या गावच्या पांढरीतून आली, ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची जागा, घरे पडून पडून साचलेली माती. तिच्यात मडक्यांच्या खापऱ्या, मणी, नाणी, चुलींची राख एकावर एक थराने असते. जेसीबीने ती उचलली त्या दिवशीच सारे थर एकत्र झाले. पोराने वीतभर खड्डा पाडला म्हणून आपण ओरडतो आणि गढीच्या गढी डंपरमध्ये भरून जाते तिला विकासकाम म्हणतो. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री मोबाइलच्या उजेडात शेते उकरत होते, यंत्रे घेऊन मुघलांच्या मोहरा शोधत होते, ते आपण सर्वांनी पाहिले. 'छावा' चित्रपटाने डोकी फिरवली, असे सगळे म्हणाले. पण तिथेही महामार्गाच्या कामातली माती आधी त्या शेतांत येऊन पडली होती, हे फार थोड्यांनी लक्षात घेतले.

म्हणून नुसते गुन्हे दाखल करून भागणार नाही, हे पहिल्या पत्रलेखकांना सांगावेसे वाटते. संरक्षित स्मारकाच्या आवारात विनापरवाना खणणे १९५८ च्या कायद्याने आजही गुन्हाच आहे, तिथे कारवाई जरूर व्हावी.

दुसऱ्या पत्रलेखकांना इंग्लंडचे अर्धेच चित्र माहीत आहे. तिथेही बागेत कुणी वाटेल तसे यंत्र चालवत नाही. जागा ज्याची त्याची परवानगी लागते, बाग नगरपरिषदेची असेल तर परिषदेची. लंडनच्या शाही उद्यानांत बंदीच आहे. माझी कन्या राहते त्या कोलचेस्टर गावात किल्ल्याभोवती सुंदर सार्वजनिक बाग आहे आणि तिच्या खाली रोमन शहर आहे. अशा संरक्षित जागी लेखी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणे हाच १९७९ च्या कायद्याने गुन्हा ठरतो, खणणे तर पुढची गोष्ट. त्याच गावात २०१४ साली भर बाजारपेठेत एका दुकानाच्या बांधकामाआधी पुरातत्त्वज्ञांनी रीतसर खणले, तेव्हा रोमन घराच्या जमिनीत पुरलेले सोन्याचांदीचे दागिने मिळाले. वरचा थर जळालेल्या मातीचा होता. इ. स. ६०-६१ च्या सुमारास रोमनांविरुद्ध उठलेल्या स्थानिक राणी बुडिकाच्या सैन्याने शहर जाळले त्याचा. कुणीतरी जीव मुठीत धरून दागिने पुरले आणि परत येऊ शकले नाही, एवढी कथा त्या थराने सांगितली. यंत्रवाल्याने तेच दागिने रात्री उपसले असते तर सराफाकडचा ऐवज म्हणून त्यांचे वजन तेवढे झाले असते.

पण मला तिथले खरे कौतुक वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. कन्येच्या शेजारी एक प्लंबर राहतात. सुगीनंतर रिकाम्या झालेल्या शेतांत, शेतकऱ्याच्या परवानगीने, ते यंत्र घेऊन जातात. त्यांनी मला चांदीच्या पेनीचा अर्धा तुकडा दाखवला. कातरीने कापावा तसा सरळ कापलेला, नखाएवढा. मध्ययुगात सुट्टे नसले की पेनीचे दोन किंवा चार तुकडे करून देत. त्या तुकड्यासोबत एक छापील कागद होता. त्यावर वजन, काळ, फोटो, नोंद क्रमांक आणि शेतातली नेमकी जागा. ही नोंद करायला दर भागात एक अधिकारी असतो. प्लंबरसाहेबांनी वस्तू त्याच्याकडे नेली, त्याने ती तपासली आणि परत दिली. ही योजना १९९७ पासून चालू आहे, आज ती ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली आहे आणि तिच्या यादीत १५ लाखांहून अधिक वस्तू आहेत. मौल्यवान ठेवा निघाला तर १४ दिवसांत कळवावे लागते, संग्रहालयाने घेतला तर बाजारभावाने मोबदला ठरतो आणि तो सहसा शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटला जातो. सगळेच तिथे साधू नाहीत. हेरफर्डशरमध्ये २०१५ साली वायकिंगकालीन नाणी दडवणाऱ्या दोघांना २०१९ मध्ये लांबलचक तुरुंगवास झाला आणि बहुतेक नाणी तेव्हा बेपत्ताच होती.

आपल्याकडे कायदा नाही असे कुणी समजू नये. निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, ऐवज कोषागारात जमा करायचा. ठेव्याचा मालक कुणी पुढे आला नाही आणि सापडणारा व जागेचा मालक यांच्यात आधी काही ठरलेले नसले तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा, उरलेला जागेच्या मालकाचा. हे वाचून कुणालाही वाटेल की किती उदार कायदा! मेख पुढे आहे. सरकारला तो ठेवा स्वतःसाठी घ्यायचा असेल तर द्यायची रक्कम म्हणजे धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. सातवाहनांचे शिशाचे नाणे असेल तर शिशाचा भाव अधिक वीस टक्के. चहाचेही पैसे सुटायचे नाहीत. न कळवल्यास मात्र एक वर्षापर्यंत कैद.

मी नोकरीत असताना एका तालुक्यात (नाव घेत नाही) पाया खणताना एका शेतकऱ्याला चांदीच्या रुपयांचा गडू मिळाला. बिचारा आपणहून तहसील कार्यालयात घेऊन आला. पंचनामा, जबाब, मोजणी, लाखेची मोहोर. त्यानंतर तो हेलपाटे घालत राहिला. बांधकाम थांबले, भाऊबंदांनी वाटणीचा दावा लावला, गावात 'अजून चार हंडे घरात पुरून ठेवलेत' अशी कुजबुज सुरू झाली. पुढे त्याच गावात दुसऱ्याला काही मिळाले तेव्हा आमच्या दप्तरी कागद आला नाही. माल सोनाराच्या मुशीत आटला, हे कर्णोपकर्णी कळले. त्या माणसाला मी दोष देऊ शकत नाही.

आटून जाते म्हणजे काय जाते, याचे एक उदाहरण पुरे. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपान या क्षत्रप राजाची १३ हजारांवर चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. कोण जिंकले आणि कोण हरले, हे नाण्यांनीच सांगितले. आणि जागेची नोंद नसली की काय होते, ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला विचारा. १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना तिथे काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले, मिळून ६० किलोंहून जड. पुढे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले, पण या वस्तू त्यात, थरात सापडलेल्या नसल्याने त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचा वाद उरलाच.

हे काम आपल्याकडे जमण्यासारखे नाही, असे मला कुणी सांगू नये. मी तेर परिसरातला आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी सरकारी पगार, पद, आदेश यांपैकी काही नसताना गावकऱ्यांना मिळालेल्या हजारो वस्तू जपल्या. पाँपेई या रोमन शहरात मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगणारी मूर्ती याच तेरची. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तिथे उभे आहे. सापडलेली वस्तू बिनधास्त घेऊन जावे असा माणूस गावात होता, म्हणून ती उरली.

तेव्हा मागणी साधी आहे. बागांत आणि पांढरीच्या जागी यंत्राला मनाई असा फलक नगरपालिकेने लावावा आणि भरावाची माती कुठून आणली हे ठेकेदाराने लिहून द्यावे. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी पुरातत्त्व विभागाचा एक जाणकार दोन तास बसवावा. त्याच्याकडे वजनकाटा, कॅमेरा आणि एक रजिस्टर असावे. सुट्या नाण्यासाठी त्याने पंचनामा मांडू नये. फोटो, वजन, गट नंबर लिहून पावती द्यावी आणि नाणे चिंचेने घासू नका एवढे बजावावे. धातूच्या किमतीचे कलम बदलायला संसद लागेल. आमच्या खासदारांना मी तसे रजिस्टर पोस्टाने कळवले आहे. टपालाची पोच आली, उत्तर यायचे आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त अव्वल कारकून, धाराशिव जिल्हा