ग्रँडिन यांचे काम मोजमापाचे

मा. संपादक,

स्वमग्न (ऑटिस्टिक) असलेल्या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांच्यावरील आपल्या लेखात स्वमग्नतेबद्दल पुष्कळ आणि कामाबद्दल फारच थोडे आले आहे. ‘त्यांना जनावरांची भाषा कळते’ हे वाक्य तर त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील या प्राध्यापिकेने जे साधले, ते निरीक्षणाने आणि मोजमापाने.

आपण चित्रांतून विचार करतो, असे त्या सांगतात. 1970 च्या दशकात ॲरिझोनात गुरे हाकण्याच्या अरुंद वाटेत अडली की कामगार मागून विजेची टोचणी लावत. ग्रँडिन कॅमेरा घेऊन त्याच वाटेत शिरल्या आणि गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहू लागल्या. लोंबणारी साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, डबक्यातली चकाकी, गटाराची जाळी, उन्हातून एकदम अंधारात नेणारे दार: गुरे बुजत होती ती यांना. साखळी काढली की टोचणी लागतच नाही.

कत्तलखान्यांसाठी त्यांनी आकडे ठरवून दिले. 100 गुरांमागे 3 पेक्षा जास्त हंबरली, 1 पेक्षा जास्त पडली, 25 पेक्षा जास्त जनावरांना टोचणी लागली किंवा पहिल्याच फटक्यात 95 बेशुद्ध झाली नाहीत, तर तो कत्तलखाना नापास. 1999 पासून मॅकडोनाल्ड्सने पुरवठादारांची तपासणी याच निकषांवर केली. बहुतेक ठिकाणी नवे बांधकाम लागले नाही. फरशी खडबडीत करणे, दिवे हलवणे, बेशुद्ध करण्याच्या बंदुकीची नीट निगा राखणे एवढ्यावर भागले. करुणेची भाषणे देऊन हे झाले नसते.

आपल्या गुरांच्या बाजारांत आजही एक जण पुढून कासरा ओढतो आणि दुसरा शेपटी पिरगळतो. ओढणारा तोंडासमोर असेल तर जनावर मागेच रेटणार. खांद्याच्या मागे, बाजूला उभे राहिले की ते आपणहून पुढे जाते. बाजार समित्यांनी गुरे टेम्पोत चढवण्यासाठी पक्का धक्का बांधावा. चढ 20 अंशांपेक्षा जास्त नको, पायऱ्या 10 सेंमी उंच आणि 30 सेंमी रुंद असाव्यात, दोन्ही बाजू पत्र्याने बंद कराव्यात. धक्का आणि टेम्पोचा फाळका यांच्यात फट मात्र ठेवू नये, जनावराचा पाय तिथेच अडकून मोडतो.

– आपले काही पशुवैद्यक वाचक