अठरा वर्षांनंतरचा अल्बम

महोदय,

रॅपचा विषय निघाला की पुरवण्यांमध्ये नवं कोण, व्हायरल कोण, एवढीच चर्चा. जुन्या मंडळींनी उतारवयात काय केलं, याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. न्यूयॉर्कच्या 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या रॅप गटाचंच घ्या. १९९१च्या अल्बममध्ये त्यांनी रॉन कार्टरसारख्या नामांकित जॅझ बासवादकाला घेतलं होतं. खाली बास, वर ड्रम, मध्ये मोकळी जागा. १९९८ नंतर गट मोडला, आणि पुढचा (शेवटचाही) अल्बम थेट २०१६मध्ये आला. गटातला रॅपर, मधुमेहाने बेजार फाइफ डॉग तोवर गेला होता, वय अवघं ४५. आवाज मात्र त्यात आहे.

इथे ती जुनी ऐसपैस लय नाही. 'वी द पीपल' या गाण्यात ब्लॅक सबाथ या ब्रिटिश रॉक बँडकडून उचललेले दणदणीत ड्रम, घुमणारा बास, आणि कृष्णवर्णीय, मेक्सिकन, मुस्लिम यांना हुसकावू पाहणाऱ्यांची बोचरी नक्कल. अल्बम ट्रम्प निवडून आल्यावर तीनच दिवसांनी बाजारात आला, म्हणून लोक त्याला निकालाची प्रतिक्रिया समजतात. पण फाइफ तर मार्चमध्येच वारला होता! गटातला दुसरा रॅपर क्यू-टिप आणि तो एकमेकांची ओळ अर्ध्यावर उचलतात, ती मजा तर हेडफोन लावूनच ऐकावी. पाहुण्यांची गर्दी जरा जास्त झालीय, हे खरं. एल्टन जॉनवाचून माझं तरी काही अडलं नसतं.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)